जोग बघायला अडतीस हजार कशाला?

प्रश्न : मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचं काम करतो. घरी मी, बायको, आठवीतला मुलगा आणि 68 वर्षांची आई. आईनं लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात गिरसप्पाचा धबधबा वाचला होता, तेव्हापासून तिला तो एकदा बघायचा आहे. इथल्या एका टूरवाल्यानं 15 ऑगस्टच्या सुट्टीसाठी तीन रात्रींचं ‘जोग-मुरुडेश्वर-गोकर्ण’ पॅकेज सांगितलंय, माणशी 9,500. म्हणजे चौघांचे 38,000. माझी ऐपत फार तर 15,000. तो 5,000 ॲडव्हान्स मागतोय आणि ‘आशियातला सर्वांत उंच धबधबा, सीट संपत आल्या’ म्हणतोय. आईचे गुडघे दुखतात, मुलाला मात्र पायऱ्या उतरून तळाशी जायचंय. पंधरा हजारांत जमेल का, की पुढच्या वर्षावर ढकलू? आणि आई म्हणते गिरसप्पा, टूरवाला म्हणतो जोग. दोन्ही एकच ना? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर :

नमस्कार. पुढच्या वर्षावर ढकलू नका, आणि ते 5,000 ही देऊ नका. पंधरा हजारांत जमतं. फक्त दोन गोष्टी सोडाव्या लागतील : 15 ऑगस्ट, आणि मुरुडेश्वर-गोकर्ण.

आधी छोट्या शंका. हो, दोन्ही एकच. गिरसप्पा (तिकडे गेरुसोप्पा म्हणतात) हे शरावती नदीवरचं खालच्या अंगाचं गाव, होन्नावरच्या बाजूला. इंग्रजांनी त्या गावाचं नाव धबधब्याला लावलं आणि आपल्या पुस्तकांत तेच आलं. धबधबा घाटावर आहे, जोग नावाच्या वस्तीपाशी. मोबाइलवर रस्ता शोधताना ‘जोग फॉल्स’ असंच टाका, नाहीतर घाट उतरून भलत्याच गावात पोचाल. उंचीचं म्हणाल तर ‘आशियात सर्वांत उंच’ ही थाप आहे. मेघालयात चेरापुंजीजवळचा नोहकलिकाई 340 मीटरचा, जोग 253 मीटरचा. पण त्यानं जोगचं काही उणं होत नाही. 253 मीटर म्हणजे एकावर एक ठेवलेले साडेतीन कुतुबमिनार, हा हिशेब मुलाला घालून बघा.

आता मुख्य मुद्दा. टूरवाल्याचा कार्यक्रम तुम्ही पत्रासोबत पाठवलाय तो मी नीट वाचला. पहिला दिवस पूर्ण प्रवासात, दुसऱ्या दिवशी ‘जोग : दीड तास’, लगेच घाट उतरून रात्री मुरुडेश्वर, तिसऱ्या दिवशी इडगुंजी, गोकर्ण, बीच. ज्या धबधब्यासाठी तुमची आई साठ वर्षं थांबली, त्याला दीड तास! तोही भर पावसाळ्यात. जोगला पावसाळ्यात जे पहिल्यांदा जातात त्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही : जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पोचल्यावर समोर बहुतेक वेळा धबधबा नसतोच, धुकं असतं. दरीतून तुषार आणि ढग एकत्र वर येतात आणि सगळा कडा पांढरा होऊन जातो. आवाज ऐकू येतो, दिसत काही नाही. मग वारा फिरतो, पाच-दहा मिनिटं पडदा सरकतो, राजा-राणी-रोअरर-रॉकेट चारही धारा लख्ख दिसतात, आणि परत सगळं गायब. ज्याच्याकडे वेळ आहे त्याला ती दहा मिनिटं मिळतात. दीड तासवाल्याला मिळतील की नाही हे नशिबावर. म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुमचे पैसे ठिकाणांची संख्या वाढवण्यात घालू नका, एकाच ठिकाणी दोनदा जाता येईल असा मुक्काम करा. तोच स्वस्तही पडतो, कारण या सहलीत पैसा खातं ते गाडीचं भाडं आणि समुद्राकाठची हॉटेलं. धबधब्याला प्रवेशशुल्क अगदीच किरकोळ आहे.

15 ऑगस्टला का नको? गर्दी. त्या दिवसांत बेंगळुरू, शिमोगा, हुबळी सगळीकडची गाडीवाली मंडळी जोगला लोटतात. लॉजचे दर वर जातात आणि वाहनांची रांग लागते. त्याऐवजी गणपती गेल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. पाऊस ओसरलेला असतो, धुकं कमी, पाणी भरपूर. पितृपंधरवडा लागला असेल तर आणखी उत्तम : आपल्याकडे त्या दिवसांत सहसा कुणी सहलीला निघत नाही. आईंना ते चालणार नसेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, आठवडाभर मागेपुढे करा. दसऱ्याच्या सुट्टीत मात्र नको, कर्नाटकातल्या शाळांना तेव्हा लांब सुट्टी असते. दिवाळीपर्यंत थांबलात तर धारा बारीक होत जातात. मुलाची शाळा दोन-तीन दिवस बुडेल. बुडू द्या.

पाण्याचं गणित थोडं समजून घ्या, कारण त्यावर सगळी सहल अवलंबून आहे. धबधब्याच्या वर सहा-एक किलोमीटरवर लिंगनमक्की धरण आहे, 1964 मध्ये पूर्ण झालेलं. शरावतीचं बहुतेक पाणी तिथे अडतं आणि कालव्या-बोगद्यांतून वीजघरांकडे वळतं. एकट्या शरावती वीजकेंद्राची क्षमता 1,035 मेगावॉट आहे. म्हणजे कड्यावरून जे पडतं ते दोन प्रकारचं : धरणाच्या खालच्या रानात पडलेल्या पावसाचं, आणि धरण भरल्यावर दरवाजे उघडून सोडलेलं. पहिल्या पाण्यावर चार धारा वेगवेगळ्या, रेखीव दिसतात. दरवाजे उघडले की चारही एकमेकींत मिसळतात आणि सगळा कडाच कोसळतोय असं वाटतं. धरणाची पूर्ण पातळी 1,819 फूट. निघण्याआधी आठवडाभर लिंगनमक्कीची पातळी बातम्यांत बघत राहा. आकडा 1,819 च्या जवळ असेल तर तुमचं नशीब जोरात. पाऊस कमी झालेल्या वर्षी दरवाजे उघडतच नाहीत, पण सप्टेंबरात धारा तरीही असतात. मार्च-एप्रिलमध्ये जाऊन ‘हाच का तो जोग?’ म्हणत परतणाऱ्यांत जाऊ नका.

आता जाणं. तुम्हाला मिरज जवळ, हे तुमचं मोठं भाग्य. दादरहून रात्री सुटणारी दादर-हुबळी एक्सप्रेस सकाळी लवकर मिरजेला येते आणि बेळगाव-लोंढा करत दुपारपर्यंत हुबळीला सोडते. स्लीपरचं तिकीट माणशी दोनशेच्या आसपास. (दादर-म्हैसूर शरावती एक्सप्रेसही मिरज-हुबळीवरून जाते. नाव याच नदीचं, पण ती आठवड्यातून एकदाच.) इचलकरंजी ते मिरज एसटीनं गेलात तर आई आणि पत्नी दोघींना अर्धं तिकीट. पुढे कर्नाटकात मात्र ही गंमत नाही. तिकडे साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीटच नसतं हे तुम्ही ऐकलं असेल. ती जून 2023 पासूनची शक्ती योजना फक्त कर्नाटकच्या रहिवाशांसाठी आहे. आधार कार्डावर इचलकरंजीचा पत्ता असला की पूर्ण तिकीट, कंडक्टरशी हुज्जत घालून उपयोग नाही. आणि त्या योजनेमुळे बसना गर्दी असते, त्यामुळे डेपोतूनच सुटणारी बस पकडा, मधल्या थांब्यावर हात करून आईंना उभं राहायला लावू नका.

हुबळीहून शिरसी साधारण शंभर किलोमीटर. पहिल्या रात्री तिथेच थांबा. एका दिवसात सागर गाठता येतं, पण गुडघेदुखीच्या माणसाला ओढत नेऊ नये. शिरसी सुपारीची पेठ आहे. मारिकांबेचं देऊळ गावातच आहे, संध्याकाळी आईंना दर्शन होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्दापूरवरून सागर.

मुक्काम सागरलाच करायचा, जोगला नाही. जोगला पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे, खोलीतून धबधब्याचा शेजार मिळतो, पण तो शेजार महाग पडतो आणि सुट्टीच्या दिवसांत मिळतही नाही. सागर तीस किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. बाजारपेठेत साधी स्वच्छ लॉज आहेत, चार माणसांची खोली किंवा दोन खोल्या हजार-दीड हजारांत बसतात. खोली घेताना दोनच गोष्टी विचारा : सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत (‘बिसी नीरू’ म्हटलं की कळतं), आणि पहिल्या मजल्याच्या वर तर नाही ना. लिफ्ट असेलच असं नाही. बॅगा खोलीत टाका आणि रिकाम्या हातांनी जोगच्या बसमध्ये बसा. तासाभराचा रस्ता, वाटेत तळगुप्पा लागतं. तिथे रेल्वे संपते, पण ती गाडी बेंगळुरू-म्हैसूरकडची, आपल्या उपयोगाची नाही.

जोगला दोनदा जायचं. पहिल्यांदा त्याच दिवशी दुपारी, दुसऱ्यांदा पुढच्या दिवशी सकाळी लवकर. मुख्य बघण्याची जागा बसथांब्यापासून जवळ आहे, कठडा आहे, बसायला जागा आहे. आईंना एक पायरीसुद्धा उतरायची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर चारही धारा एका नजरेत बघायला तीच जागा सर्वांत चांगली. त्यांना तिथे बसवा, गरम शेंगा किंवा भाजलेलं कणीस हातात द्या (माकडांवर लक्ष ठेवून) आणि धुक्याला त्याच्या मर्जीनं सरकू द्या.

आता चिरंजीवांच्या पायऱ्या. दरीच्या तळापर्यंत सुमारे 1,400 पायऱ्या आहेत. पावसाळ्यात शेवाळ धरतं म्हणून हा रस्ता बहुतेक वेळा बंद ठेवतात, तेव्हा सप्टेंबरात तो उघडा सापडेलच असं धरून चालू नका. मुलाला घरूनच सांगून ठेवा, म्हणजे तिथे रुसवा नको. उघडा असला तर तुम्ही दोघं जा. उतरणं सोपं, चढणं घाम काढतं. तास-दीड तास वर यायला धरा आणि शेवटच्या बसच्या वेळेचा हिशेब आधी लावा. बंद फाटक ओलांडून ‘थोडंसंच’ खाली जायचं नाही. तिथले खडक ओले असताना साबणासारखे असतात. 2025 च्या सुरुवातीला प्रवेशद्वाराच्या कामासाठी मुख्य बाजू काही महिने बंद होती आणि विकासकामं अधूनमधून चालूच असतात, म्हणून निघण्याआधी सागरच्या लॉजवाल्याला एक फोन करून ‘जोग चालू आहे ना’ एवढं विचारा.

दुसऱ्या खेपेला पलीकडची बाजू बघा. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो : अलीकडे शिमोगा, पलीकडे उत्तर कन्नड. 1956 पर्यंत पलीकडचा भाग मुंबईच्या अखत्यारीत होता आणि अलीकडचा म्हैसूरच्या, त्यामुळे दोन्ही काठांवर दोन सरकारांचे दोन बंगले. पलीकडच्याला अजून लोक ‘बॉम्बे बंगलो’ म्हणतात. पूल ओलांडून रिक्षानं जाता येतं. तिथून धबधबा समोरून नाही, वरून आणि बाजूनं दिसतो, राजाची धार जिथून सुटते ती कड जवळ येते. आईंना कठड्याच्या आतच ठेवा आणि मुलाचा हात सोडू नका, आठवीतला असला तरी.

तिसऱ्या दिवशी सकाळची जोगची खेप झाली की उरलेला दिवस सागरच्या आसपास घालवा. इथे मला मुरुडेश्वरपेक्षा कितीतरी जास्त सापडतं, आणि तेही दहा किलोमीटरच्या आत. दिवसाची रिक्षा ठरवा, ठिकाणं आधी सांगून एकरकमी. फेरीगणिक पैसे दिलेत तर दुप्पट जातील. हजाराच्या आसपास जमायला हवं.

पहिलं वरदपूर. तिथे श्रीधर स्वामींचा आश्रम आणि समाधी आहे. आईंना वेगळं सांगायला नको : घराणं देगलूरचं, साधना सज्जनगडावर, समर्थांच्या परंपरेतले. 1973 मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. आश्रमात मराठी कानावर पडतं, दुपारी प्रसादाचं जेवण असतं. यथाशक्ती देणगी ठेवा. ‘फुकट जेवण’ या हिशेबानं जाऊ नका, पण एका जेवणाचा खर्च वाचतो हेही खरं. आश्रमाला थोड्या पायऱ्या आहेत, त्या सावकाश चढता येतात.

मग इक्केरी आणि केळदी. दोन्ही केळदीच्या नायक राजघराण्याच्या राजधान्या. इक्केरीचं अघोरेश्वराचं दगडी देऊळ भव्य आहे, समोरचा नंदी बघण्यासारखा. केळदीला रामेश्वराच्या देवळात छताला कोरलेला गंडभेरुंड (दोन तोंडांचा पक्षी) शोधायला मुलाला लावा आणि शेजारच्या छोट्या संग्रहालयात डोकवा. पण केळदीला तुम्ही जायचं ते दगडांसाठी नाही. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, 1689 मध्ये राजाराम महाराज तुमच्याच पन्हाळ्यावरून वेष पालटून जिंजीकडे निघाले. मोगल मागावर होते. तेव्हा या घराण्याची राणी चेन्नम्मा हिनं त्यांना आपल्या मुलखात आसरा देऊन सुखरूप पुढे जाऊ दिलं. औरंगजेबाची फौज त्यापायी तिच्यावर चालून आली, तिनं तेही निभावलं. आपल्याकडे या बाईचं नाव शाळेत येतं ते एका ओळीत, तेही आलं तर. (बेळगावकडे जिचे पुतळे दिसतात ती कित्तूरची चेन्नम्मा, सव्वाशे वर्षांनंतरची. मुलगा गोंधळेल, आधीच सांगा.) केळदीत उभं राहून ही गोष्ट आईंनी नातवाला सांगावी.

नाटकाची आवड असेल तर हेग्गोडूला के. व्ही. सुब्बण्णांची नीनासम ही नाट्यसंस्था आहे. नसेल तर राहू द्या. सिगंदूरची चौडेश्वरी मात्र आईंच्या कानावर घालू नका, घातलीत तर जावं लागेल! जुलै 2025 मध्ये शरावतीच्या बॅकवॉटरवर पूल झाल्यापासून तिथे जाणं सोपं झालंय, पण तुमच्या तीन रात्रींत ते कोंबलं की जोगची दुसरी खेप जाते.

खाण्याचा खर्च फार होत नाही. शिरसी-सागरच्या खानावळींत सकाळी इडली, नीर दोसा, गोडसर बन्स. दुपारी ताटभर भात, सांबार, पल्या (भाजी), आणि नशिबात असेल तर तंबळी : ताकात वाटलेला पाला, भातावर ओतून खायची. पोळी-भाकरीवाचून जेवण झाल्यासारखं वाटत नसेल तर पत्नींना सांगा, दोन दिवसांच्या दशम्या आणि जयसिंगपूरचं भडंग बरोबर घ्या. प्रवासात तेवढ्यानंच शे-दोनशे वाचतात. शिरसीहून येताना फणसाचे पापड घ्या, सुपारी घ्यायची असेल तर तिथेच.

एकूण बेरीज अशी बसते. रेल्वे जाऊन-येऊन चौघांची सतराशे-अठराशे. हुबळी-शिरसी-सागर बस दोन्ही वेळची दोन हजारांच्या आसपास. तीन रात्रींचं लॉज साडेचार हजार. जेवणखाण साडेतीन ते चार. जोगच्या दोन खेपा, प्रवेश, पलीकडची रिक्षा धरून हजार. सागरची दिवसाची रिक्षा हजार. झाले चौदा हजार नि काही. उरलेले सात-आठशे वेगळ्या पाकिटात, आईंच्या औषधासाठी किंवा शेवटची बस चुकली तर रिक्षासाठी. भाडी बदलत असतात, तेव्हा शंभर-दोनशे इकडेतिकडे होतील. लॉजला मात्र सुट्टीच्या दिवशी गेलात तर दुप्पट लागतील आणि हा सगळा हिशेब कोसळेल.

बरोबर छत्र्या नेऊ नका, दरीच्या वाऱ्यात उलट्या होतात. रेनकोट घ्या. गवतातून चालायची वेळ आली तर जळवा असतात, पुडीत मीठ ठेवा. आईंना गुडघ्याचा पट्टा आणि मागे बंद असलेल्या, न घसरणाऱ्या चपला.

चौथ्या दिवशी सागर सकाळी लवकर सोडा, कारण परतीची दादर गाडी हुबळीहून दुपारी सुटते आणि बसला पाच तास तरी लागतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. तो चौघांच्या एकत्र तिकिटाला लागू होत नाही, म्हणून आईंचं तिकीट वेगळं काढा, त्यात कोटा ‘लोअर बर्थ’ निवडा, आणि बाकी तिघांचं त्याच गाडीचं, त्याच वर्गाचं लगेच पाठोपाठ.